इग्वेयची माउली : डॉमिनिकन रिपब्लिकमधले पाच दिवस

१८ जानेवारी, गुरुवार. सांतो दोमिंगो

आई दर सप्टेंबरात वसईहून वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला जाते. बाकीचे माऊंट मेरी म्हणतात, आमच्या घरात ती मोत माउलीच. गेल्या वर्षी आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि जत्रा चुकली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, जिने चढा, पण यापुढे गुडघे टेकायचे नाहीत. ऑपरेशनला ती घाबरली नव्हती. या एका वाक्यानं मात्र तिचं तोंड उतरलं. साठ वर्षं ती मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, गुडघ्यांवर बसली आहे. फोनवर म्हणाली, "मेणाचा पाय वाहायचा राहिला गं. तू जिथं असशील तिथल्या माउलीला माझ्या नावाची मेणबत्ती लाव."

मी न्यू जर्सीत असते, पुलांची आणि इमारतींची स्ट्रक्चरल डिझाइनं करते. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण मूळची डॉमिनिकन आहे. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं लगेच विचारलं, "मग जानेवारीत माझ्याबरोबर तातिकाकडे येतेस का?"

तातिका म्हणजे आल्ताग्रासियाची माउली. आल्ता ग्रासिया, म्हणजे थोर कृपा. तातिका हे लाडाचं नाव, आपण विठ्ठलाला विठू म्हणतो तसं. तिचं देऊळ देशाच्या पूर्व टोकाला इग्वेय गावात आहे आणि २१ जानेवारी हा तिचा सण. त्या दिवशी देशभर सुट्टी असते. मुलींना हे नाव इतक्या सर्रास ठेवतात की गल्लीत "आल्ताग्रासिया" अशी हाक मारली तर चार दारांतून ओ येईल, असं मैत्रीण सांगत होती.

इकडे यायचं असेल त्यांच्यासाठी : भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. निघण्याआधी प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवायचा, एवढंच.

दुपारी जुन्या शहरात हिंडलो. या भागाला १९९० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा आहे. इथलं कॅथीड्रल अमेरिका खंडातलं सर्वांत जुनं, सोळाव्या शतकातलं. जाड दगडी भिंती, आत गारवा. आमच्या वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चं छपरासकट उभी असती तर अशीच दिसली असती, असं मनात आलं.

पण मैत्रिणीला मला दुसरीच जागा दाखवायची होती : पुएर्ता देल कोंदे, जुन्या तटबंदीतला दरवाजा. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी देशाच्या स्वातंत्र्याची घोषणा इथे झाली. याच दरवाजाशी १५ ऑगस्ट १९२२ ला इग्वेयच्या माउलीच्या चित्राला मुकुट चढवला गेला. तेव्हा देश अमेरिकन नौसैनिकांच्या ताब्यात होता, १९१६ पासून १९२४ पर्यंत. "स्वतःचं सरकार नव्हतं," मैत्रीण म्हणाली, "म्हणून लोकांनी मुकुट तिला घातला." दरवाजातून वर झेंडा दिसत होता. निळा, लाल, मधे पांढरा क्रूस. "हे रंग लक्षात ठेव," असं बजावून तिनं मला जेवायला नेलं.

१९ जानेवारी, शुक्रवार. रस्ता आणि पहिलं दर्शन

सकाळी पार्के एन्रिकियोजवळून इग्वेयची बस. बसला इथे ग्वाग्वा म्हणतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. डावीकडे जमीन, उजवीकडे बराच वेळ समुद्र, मग सान पेद्रो दे माकोरीस आणि तिथून पुढे ऊसच ऊस. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस इथे डोळे मिटून उभा केला आणि मग डोळे उघडायला सांगितले, तर त्याला आपण घरीच आहोत असं वाटेल. फक्त ऊस तोडणारी माणसं इथे बहुतेक हैतीची, नाहीतर हैतीतून आलेल्यांची मुलं-नातवंडं. त्यांच्या वस्त्यांना बातेय म्हणतात. उसाच्या कडेनं पत्र्याच्या खोल्यांची रांग, एक सिमेंटचं मैदान, वाळत घातलेले कपडे. २०१३ मध्ये इथल्या घटनापीठानं असा निकाल दिला की कागदपत्रं नसलेल्या परदेशी आईबापांची इथे जन्मलेली मुलं नागरिक धरता येणार नाहीत, आणि तो १९२९ पासून मागे लागू केला. कितीतरी माणसं एका दिवसात कुठलीच उरली नाहीत. मैत्रीण हे खिडकीबाहेर बघत सांगत होती, आवाज खाली आणून. तिच्या वडिलांची आई हैतीची होती.

वाटेत चालणारे दिसू लागले. पाचदहाचे घोळके, निळे-पांढरे कपडे, पाठीला पिशवी, कुणाच्या हातात काठी, कुणी अनवाणी. ते नवस फेडायला निघालेले. नवसाला शब्द आहे 'प्रोमेसा', वचन. काहीजण राजधानीपासून चालत येतात. ग्वाग्वाचा ड्रायव्हर प्रत्येक घोळक्याजवळ वेग कमी करून हॉर्नचे दोन टोले द्यायचा आणि ते हात वर करायचे. आषाढात पुणे-सोलापूर रस्त्यावर एसटीचे ड्रायव्हर हेच करतात.

इग्वेयला पोचायच्या बऱ्याच आधी, झाडांच्या वर, कमान दिसली. गाव अजून दिसत नव्हतं, नुसती कमान. उभट, चिंचोळी, करड्या रंगाची. बसमधल्या बायांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. एकीनं खिडकीच्या काचेवर हात टेकला आणि वळण येईपर्यंत तसाच ठेवला.

गावात उतरल्यावर कळलं की आम्ही महिन्यापूर्वी आरक्षण केलेली खोली हॉटेलनं दुसऱ्यांना देऊन टाकली होती. पैसे परत मिळाले, खोली नाही. सणाच्या दोन दिवस आधी इग्वेयमध्ये खोली मिळणं कठीणच. मैत्रिणीनं कुणाला तरी फोन लावला आणि अर्ध्या तासात आम्ही तिच्या आईच्या मावसबहिणीच्या घरी होतो. पंच्याहत्तरीच्या, कृश, ताठ बाई. दारात मला पोटाशी धरून "मि ईहा" म्हणाल्या. माझ्या लेकी. मी त्यांना 'तिआ' म्हणू लागले, म्हणजे मावशीच. घरात आधीच अकरा पाहुणे होते. मावशींनी ताटात भात, राजमा आणि रश्श्याचं मटण वाढलं. या जेवणाला इथे 'बांदेरा', झेंडा म्हणतात.

संध्याकाळी आम्ही देवळाकडे गेलो. इथे मी जरा थांबते, कारण याच्यासाठी लिहायला बसले.

पाम वृक्षांमधून लांबच लांब फरसबंद रस्ता आहे आणि त्याच्या टोकाला ती कमान. उंची सत्तर-ऐंशी मीटर. फोटोत मला ती कायम थोडी परकी वाटायची, कॅरिबियन गावात चुकून उतरलेल्या एखाद्या यंत्रासारखी. जवळ गेल्यावर तसं काहीच वाटलं नाही. आमच्या धंद्यात कमान समजावून सांगायची जुनी रीत आहे : साखळी दोन टोकांना धरून लोंबकळत सोडा, तिला जो आकार येतो तो उलटा करा. लोंबकळताना साखळीत नुसता ताण असतो. उलटी केली की नुसता दाब. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून ही कमान इतकी सडपातळ राहू शकते. तिथे कुणालाही विचारलं तर मात्र एकच उत्तर मिळतं : हे माउलीचे जोडलेले हात. मावशींनीही हात जोडून दाखवले, बोटांची टोकं वर टेकवून. मी त्या हातांकडे बघत राहिले. डावी बाजू उजवीवर रेलते, उजवी डावीवर. एक काढून घेतली तर दुसरी उभी राहत नाही. मला वर्गात जे शिकायला एक सत्र लागलं ते त्यांनी तळहातांनी सांगितलं.

या इमारतीचे आर्किटेक्ट दोघे फ्रेंच : आंद्रे-जाक द्युन्वाये द सगोंझाक आणि पिएर द्युप्रे. काम १९५४ ला सुरू झालं, हुकूमशहा त्रुहियोच्या राजवटीत. त्याला भव्य इमारती हव्याच असत. पण जानेवारी १९६० मध्ये इथल्या बिशपांनी त्याच्या अटकसत्राविरुद्ध पत्र काढलं आणि ते देशभरच्या चर्चांमधून वाचलं गेलं. ३० मे १९६१ ला त्रुहियो मारला गेला. १९६५ ला यादवी झाली, अमेरिकन सैन्य पुन्हा उतरलं. एवढ्या सगळ्यात इग्वेयचं बांधकाम रखडत, थांबत, पुढे सरकत होतं. २१ जानेवारी १९७१ ला उद्घाटन झालं. सतरा वर्षं. मावशी तेव्हा तरुण होत्या. त्या म्हणाल्या, लहानपणी शाळेला जाताना आम्हाला वाटायचं की हे असंच अर्धं राहणार, आकाशात दोन शिंगं काढून.

काँक्रीट उघडंच आहे, वर गिलावा नाही. मी सवयीनं पायाशी वाकून भेगा बघत होते. दमट हवा, जवळ समुद्र, आतली सळई गंजून फुगली की काँक्रीटचे पोपडे सुटतात, हे मी रोज बघते. सप्टेंबर २०२२ मध्ये फिओना चक्रीवादळ याच टोकाला जमिनीवर आलं होतं. त्याआधी १९९८ चं जॉर्जेस. कमान दोन्हीतून सुखरूप उभी. मी भिंतीवर हात ठेवला. दिवसभराचं ऊन तिच्यात अजून होतं.

आत त्या दिवशी गेलो नाही. मावशींचं म्हणणं पडलं, आधी जुन्या घरी जायचं, मग नव्या.

२० जानेवारी, शनिवार. सान दियोनिसिओ, आणि रात्र

जुनं घर म्हणजे गावाच्या मधलं सान दियोनिसिओ चर्च. १५७२ चं. बुटकं, पांढरं, जाड भिंतींचं. नवं देऊळ होईपर्यंत चार शतकं माउली इथे होती.

चित्र या बेटावर आलं ते सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरातल्या प्लासेन्सियाहून आलेल्या अल्फोन्सो आणि आंतोनिओ त्रेहो या भावांनी ते आणलं असं मानतात. ही झाली नोंदीतली गोष्ट. मावशींची गोष्ट अशी : एक व्यापारी राजधानीला निघाला. थोरल्या लेकीनं कपडे मागितले, फिती मागितल्या. धाकटीनं सांगितलं, मला आल्ताग्रासियाच्या माउलीचं चित्र आणा. बापानं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. सगळीकडे विचारलं, कुणाला माहीत नाही. परतीच्या वाटेवर मुक्कामाच्या घरी एका म्हाताऱ्यानं झोळीतून गुंडाळलेलं चित्र काढून त्याच्या हाती दिलं. सकाळी म्हातारा नाही. लेकीनं ते चित्र घरात ठेवलं, पण ते पुन्हा पुन्हा नारिंगाच्या झाडावर सापडायचं. शेवटी लोकांनी त्या झाडाच्या जागीच चर्च बांधलं.

इथे मला एक सांगायचंच होतं, ते मी मैत्रिणीकरवी मावशींना सांगितलं. तुमचा 'नारांहा' हा शब्द स्पेनला अरबांकडून मिळाला, अरबांना इराणातून, आणि इराणात तो आमच्याकडून गेला. संस्कृत नारंग, मराठी नारिंग. मावशींना त्यात नवल वाटलं नाही. "मग झाड तुमच्याकडूनच आलं असणार," म्हणाल्या, "तू पाहायला आलीस ते बरं केलंस."

दुपारी देवळाजवळच्या आल्ताग्रासिया संग्रहालयात गेलो. शतकानुशतकं लोकांनी वाहिलेल्या वस्तू तिथे आहेत : दागिने, चांदीचे लहान लहान अवयव. हात, डोळा, हृदय. एका काचेमागे पाय होता, गुडघ्यापासून खाली, माझ्या अंगठ्याएवढा. वांद्र्याच्या जत्रेत असाच पाय मेणाचा मिळतो, पिवळसर, टाचेशी वातीचा दोरा डोकावणारा. दोन महासागर मधे, आणि दुखणारा गुडघा मांडायची रीत तीच. पोर्तुगीज आणि स्पॅनिश मिशनऱ्यांनी ती दोन्हीकडे नेली असं कारण देता येतं, आणि ते खरं असेल. पण आमच्या वसईत शेजारची हिंदू बाईही मोत माउलीला मेणाचं बाळ वाहून येते, तिला कुणी मिशनऱ्यानं शिकवलेलं नसतं.

संध्याकाळपासून चालणारे गावात शिरू लागले. रात्री नऊला देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पुठ्ठे, चादरी, उशाला पिशव्या. मुलं आईच्या पोटाशी झोपलेली. एक माणूस मोजे काढून पायांचे फोड दाखवत होता आणि शेजारचा अनोळखी माणूस त्यावर काही तरी पाला चोळत होता. लाकडी उभे ढोल, त्यांना आताबालेस म्हणतात, एका झाडाखाली वाजत होते, आणि भोवतीच्या बायका साल्वे म्हणत होत्या. साल्वे म्हणजे माउलीची गाणी. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. ढोल आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे, शब्द स्पॅनिश, आणि माउली नाझरेथची. मला शब्द कळत नव्हते, पण उचलायची जागा कळत होती. तिसऱ्या कडव्याला मीही आवाज लावला.

एका कोपऱ्यात क्रिओल, हैतीची भाषा, ऐकू आली. पंधरा-वीस माणसं, बायकांच्या डोक्याला निळे रुमाल. हैतीचे. तिकडेही ही माउली मानतात. ती माणसं बाकीच्यांपेक्षा गप्प होती, आणि आवाराच्या कडेला, जिथे पोलिसांची गाडी उभी नव्हती त्या बाजूला बसलेली. मैत्रीण काही न बोलता त्यांच्याजवळ जाऊन बसली. मीही. एका आजींनी आम्हाला कागदी पेल्यात गोड काळी कॉफी दिली. मध्यरात्री देवळातल्या घंटा सुरू झाल्या. उंच मनोऱ्यात पंचेचाळीस घंटा आहेत. सगळं आवार उठून उभं राहिलं, आणि लोक वाढदिवसाचं गाणं गाऊ लागले.

२१ जानेवारी, रविवार. दर्शन

पहाटे चारला रांगेत लागलो. पंढरपूरला जिला दर्शनबारी म्हणतात ती इथे देवळाच्या पोटातून सरकते. कांशाच्या दारातून आत गेलं की एकामागून एक कमानी, प्रत्येक जमिनीतून निघून वर जाते आणि पुन्हा जमिनीत येते. खांब असे नाहीतच, भिंत संपून छत सुरू होतं अशी रेघही नाही. रंगीत काचांमधून उजेड यायला अजून वेळ होता. विजेच्या दिव्यांत काँक्रीट राखी दिसत होतं आणि त्याच्याखाली हजारो माणसं हळू आवाजात माळ म्हणत होती. एवढ्या मोठ्या पोकळीत आवाज घुमायला हवा होता. घुमत नव्हता, माणसांनीच तो शोषून घेतला होता.

मला वाटलं होतं, वेदीजवळ काहीतरी प्रचंड असेल. एवढी कमान ज्याच्यासाठी बांधली ते. रांग पुढे सरकली, पायऱ्या आल्या, लाकडात कोरलेलं झाड दिसलं, आणि त्यात सोन्याच्या चौकटीत ते चित्र.

तेहेतीस सेंटीमीटर रुंद, पंचेचाळीस उंच. आमच्या घरी वसईला देव्हाऱ्यातल्या येशूच्या तसबिरीएवढं. चौकट रत्नजडित आणि मीनाकाम केलेली आहे, पण नजर तिच्यावर ठरत नाही. आत ख्रिस्तजन्माचा प्रसंग आहे. पेंढ्यावर उघडं बाळ. मागे खांद्याआडून बघणारा योसेफ, हातात मेणबत्ती. मधे मरिया, निळा झगा, त्यावर तारे, अंगावर पांढरं वस्त्र, योसेफचा झगा लाल. झेंड्याचे तिन्ही रंग. झेंडा १८४४ चा, चित्र त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचं. आणि मरियेचे हात जोडलेले, बोटांची टोकं टेकलेली, किंचित उभट. बाहेरची कमान.

मी इतकी वर्षं इमारती बघते. मोठ्या वास्तूत मध्यभागी ठेवलेली गोष्ट लहान असली तर ती हरवते, असं आम्हाला शिकवतात. इथे उलट झालं होतं. सतरा वर्षं, एवढं सिमेंट, एवढी सळई, आणि ते सगळं एका वितभर हातांचा आकार घेऊन बाजूला उभं होतं. मागे माणसं होती, स्वयंसेवक हात हलवून पुढे चला सांगत होता. माझ्या वाट्याला दहा-बारा सेकंद आले असतील. माझ्या पुढच्या आजोबांनी काचेवर तळहात ठेवला, तोच कपाळाला लावला. मी गुडघे टेकले. फरशी गार होती. आईचं नाव घेतलं आणि उठले.

मिस्सा सकाळी झाली, सरकारातली मोठी माणसं पुढच्या रांगांत होती. आम्ही बाहेर उन्हात उभे राहून ऐकली. मैत्रिणीनं सांगितलं की देशाची पाट्रन, म्हणजे अधिकृत पालक संत, खरं तर मर्सेदेसची माउली, २४ सप्टेंबरची. आल्ताग्रासिया ही राखणकर्ती. आणि तिचा सण पूर्वी ऑगस्टमध्ये होता. २१ जानेवारी १६९१ ला साबाना रेआलच्या लढाईत इथल्या स्पॅनिश वसाहतकऱ्यांनी फ्रेंचांचा पराभव केला, तेव्हा माउलीला वचन दिलेलं होतं म्हणून हा दिवस धरला. ऑगस्टही सुटलेला नाही. तेव्हा माउलीला वाहिलेले बैल घोड्यांवरचे गुराखी गावोगावाहून हाकत आणतात. मावशींचा आग्रह, ते बघायला परत ये.

मेणबत्त्या लावायची जागा देवळाबाहेर, वेगळी आहे. आत शेकडो ज्योतींची धग तोंडावर येते आणि पायाखाली मेणाचा थर चिकटतो. मी निळ्या काचेतली एक मेणबत्ती घेतली होती. शेजारच्या बाईच्या ज्योतीवरून पेटवली. तिनं विचारलं, कुणासाठी? आईसाठी, म्हटलं, आणि गुडघ्याला हात लावून दाखवला. तिनं आपल्या मेणबत्तीकडे बोट केलं, मग पोटाला हात लावला, आणि बोटं वर केली : चार. चार वेळा गेलेलं. आम्ही दोघी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिलो.

२२ जानेवारी, सोमवार. परत

सकाळी गावभर झाडू फिरत होते. आवारात पुठ्ठ्यांचे ढीग, मेणाचे ओघळ, एक लहान मुलाची चप्पल.

मावशींच्या अंगणात नारिंगाचं झाड आहे, आंबट जातीचं. मटण मुरवायला त्याचाच रस लागतो. गोड संत्र्याला इथे 'चिना' म्हणतात. मावशींनी पिशवीभर चिना दिल्या. अमेरिकेत फळं नेऊ देत नाहीत म्हणून त्या ग्वाग्वातच संपवायच्या ठरल्या. मी पहिली सोलत होते तेव्हा आईचा फोन आला. वसईत रात्र झाली होती.

"लावलीस?"

"लावली."

"आणि आत? गुडघे टेकलेस ना?"

"टेकले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

आई काही वेळ बोलली नाही. मग तिनं विचारलं, फरशी कशी होती. गार होती म्हटलं. रमेदीच्या चर्चमध्येही सकाळच्या मिस्सेला फरशी गार असते, ती म्हणाली, म्हणून मी पुढच्या बाकाजवळ बसायचे, तिथे जुनी सतरंजी आहे. आता आपण मागे खुर्चीवर बसतो, तिथून गाणारे बरे ऐकू येतात, असंही सांगितलं. मग चित्रात योसेफ काय करतोय ते विचारलं.

मेणबत्ती धरलीये, मी म्हटलं.

वळण आलं. मैत्रिणीनं माझ्या दंडाला धरून मागे बघायला लावलं. उसाच्या वर कमान होती, मग अर्धी, मग नुसता ऊस. मी अर्धी चिना तिला दिली.